टाकून दिलेला मोठा कुत्रा सांभाळताना: वजनकाटा, भाकरी आणि मापातलं मटण

उपाशी जीव दारात आला की कोल्हापुरात आधी ताट भरलं जातं, विचारपूस नंतर. माणसाच्या बाबतीत ही रीत उत्तमच आहे. पण महिनाभर उपाशी राहिलेला ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड किंवा सेंट बर्नार्ड घरी आला आणि त्याच्यापुढे तसंच भरलेलं ताट ठेवलं, तर त्यानेच त्याचा जीव जाऊ शकतो. मोठ्या कुत्र्याचं सगळंच मोठं असतं: भूक, हाडं, आजारपण आणि औषधांचा खर्चही. त्याला बरं करायचं तर माया हवी आणि माप त्याहून जास्त हवं. पहिल्या घासापासून रोजच्या घरच्या जेवणापर्यंत हे माप कसं धरायचं, ते इथे सांगते. आमच्या कसबा बावड्याच्या घरात सर्जा आहे, हायवेच्या कडेला कुणीतरी सोडून दिलेला ग्रेट डेन. उदाहरणं बरीचशी त्याचीच येतील.

आणण्याआधी

घरातल्या सगळ्यांना विचारा, अगदी आजी-आजोबांनाही. पन्नास किलोचा कुत्रा आनंदाने अंगावर आला तरी म्हातारं माणूस पडतं. फरशी गुळगुळीत असेल तर त्याच्या वावरण्याच्या वाटेवर रबरी मॅट किंवा गोणपाट अंथरा. मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो आणि घसरणाऱ्या फरशीवर असा कुत्रा रोज थोडाथोडा दुखावत राहतो. झोपायला जाड गादी हवी. नुसत्या फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात आणि ते चिघळतात.

खर्चाचा अंदाज आधीच बांधा. चाळीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला अर्धा ते पाऊण किलो मांस लागतं, म्हणजे महिन्याला अठरा-वीस किलो. त्याशिवाय तांदूळ-ज्वारी, अंडी, गोचिडांची औषधं. गोचिडांची गोळी वजनावर ठरते, त्यामुळे लहान कुत्र्याच्या आकड्यावरून हिशेब करू नका.

कायद्याचंही थोडं. पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जाती 'हिंस्र' ठरवून त्यांच्यावर बंदी घालायला राज्यांना कळवलं होतं. त्यात रॉटवायलर आणि पिटबुलही होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं. पण अशी बातमी आली की भीतीपोटी कुत्री रस्त्यावर येतात, आणि त्यातलाच एखादा तुमच्या वाट्याला येऊ शकतो. त्याचा आधीचा मालक कोण होता यापेक्षा आज त्याची तब्येत आणि स्वभाव काय आहे, तेवढंच बघा.

पहिला दिवस: डॉक्टर आधी, ताट नंतर

अनोळखी कुत्र्याला धरताना कुणाला दात लागला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. रक्त आलं असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. कुत्रा दिसायला धडधाकट आहे म्हणून हे टाळायचं नाही.

पशुवैद्यांकडे तीन गोष्टी पहिल्याच भेटीत करून घ्या. पहिली म्हणजे रक्ततपासणी, प्लेटलेटसह. आपल्या भागात गोचीडतापाचा, म्हणजे एर्लिशिया आणि बॅबेशियाचा, जोर फार असतो. सुस्ती, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, न उतरणारा ताप ही त्याची लक्षणं. एर्लिशियावर डॉक्टर बहुतेक वेळा डॉक्सीसायक्लिन चार आठवडे देतात. आठवड्याभरात कुत्रा उड्या मारायला लागला तरी गोळ्या मध्येच बंद करू नका. दुसरी गोष्ट जंतांचं औषध. ते वजनानुसारच द्यायचं. तिसरी, लसींचं वेळापत्रक. रेबीज, आणि डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो या आजारांवरची एकत्रित लस कधी द्यायची, ते कुत्र्याची ताकद बघून डॉक्टर ठरवतील.

कोली जातीचा किंवा त्या वळणाचा कुत्रा असेल तर आयव्हरमेक्टिनबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. गोचिडांसाठी गाई-म्हशींना हे इंजेक्शन सर्रास दिलं जातं आणि गोठ्यातली बाटली कुत्र्यालाही टोचली जाते. कोलीमध्ये एक जनुकीय दोष बऱ्याच प्रमाणात असतो, त्यामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि कुत्रा दगावू शकतो.

मग वजन. ग्रेट डेनला उचलून घरच्या काट्यावर उभं राहता येत नाही. दवाखान्यात मोठा काटा नसेल तर धान्याच्या किंवा गुळाच्या अडत्याकडे पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा असतो, तो वापरायला मागा. आम्ही सर्जाचं वजन आजही तसंच करतो. सकाळी गिऱ्हाईक येण्याआधी गेलं की कुणी नाही म्हणत नाही. वजनाची तारीखवार वही ठेवा.

वजनाबरोबर अंगही चाचपून बघा. हलका हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागाव्यात, पण लांबून उठून दिसू नयेत. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली असावी. याला एक अपवाद आहे. आपल्याकडे शिकारीसाठी पाळलेली आणि मग सोडून दिलेली कारवानी, मुधोळ कुत्रीही सापडतात. निरोगी कारवानी कुत्र्याच्याही दोन-तीन बरगड्या आणि कंबरेची हाडं दिसतात. त्याला लॅब्रेडॉरसारखा गुबगुबीत करायला जाऊ नका. त्याच्या अंगात चरबी कमी असल्यामुळे भुलीची काही औषधं त्याच्या शरीरातून सावकाश उतरतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी 'हा कारवानी आहे' हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

उपाशी शरीराला अन्न देताना

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. बरेच दिवस उपाशी असलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तगलेलं असतं. अशा शरीरात एकदम भात, पोळी, गूळ किंवा ग्लुकोजची बिस्किटं गेली की इन्सुलिन झटक्यात वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात त्यांची पातळी इतकी घसरते की स्नायू लुळे पडतात, हृदयाचा ठेका चुकतो, तांबड्या पेशी फुटायला लागतात. हे बहुधा पहिल्या चार-पाच दिवसांत घडतं. कुत्रा खात असतो, शेपूट हलवत असतो आणि अचानक कोसळतो. घरच्यांना वाटतं, फार उशीर झाला होता. बऱ्याचदा उशीर झालेला नसतो, घाई झालेली असते.

किती द्यायचं याचं गणित अवघड नाही. कुत्रा नुसता पडून राहिला तरी त्याला जेवढी ऊर्जा लागते, ती काढायचं सूत्र आहे. आजच्या वजनाचा किलोतला आकडा तीनदा मांडून एकमेकांशी गुणा, म्हणजे त्याचा घन काढा, उत्तराचं वर्गमूळ काढा, त्याचंही वर्गमूळ काढा आणि सत्तरने गुणा. मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर होतं. सर्जा आला तेव्हा ३६ किलो भरला होता. ३६ चा घन ४६,६५६, त्याचं वर्गमूळ २१६, त्याचं वर्गमूळ साधारण १४.७, आणि गुणिले ७० म्हणजे १,०२९ कॅलरी. पूर्ण वाढलेल्या ग्रेट डेन नराला शोभणाऱ्या वजनापासून तो फार लांब होता, पण हिशेब त्याच्या त्या दिवसाच्या वजनावरच धरायचा, पुढे व्हायला हवं त्या वजनावर नाही.

पहिल्या दिवशी या आकड्याचा पाव ते एक तृतीयांश भाग, तोही पाच-सहा वेळा विभागून. ३६ किलोच्या कुत्र्याला दिवसभरात मिळून दोनशे ग्रॅम चिकन आणि एक अंडं, उकडून, बारीक करून, त्याच पाण्यासकट. बघताना जीव तुटतो, कारण एवढ्या मोठ्या तोंडात प्रत्येक घास नाहीसा होतो. तरीही वाढवायचं नाही. रोज थोडं चढवत पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत पूर्ण आकड्यावर या. या काळात भात-भाकरी अगदी नावापुरती, गूळ-साखर अजिबात नाही. दूधही नको. गोकुळची पिशवी घरात असते, गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध मिळतं, म्हणून दूधभात हे आपल्याकडचं पहिलं औषध झालंय. पण बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब लागले की उरलेली ताकदही जाते. फार खंगलेला कुत्रा असेल तर या आठवड्यात डॉक्टरांकडून फॉस्फरस आणि पोटॅशियम तपासून घ्या, आणि बी-१ जीवनसत्त्वाबद्दलही विचारा. चालताना झोकांड्या, थरथर किंवा गडद लालसर लघवी दिसली तर ताबडतोब दवाखाना.

पहिला आठवडा नीट गेला की मग कॅलरी हळूहळू वाढवत न्या आणि भाकरी-भाताचं प्रमाणही चढवा. पूर्ण वजन यायला काही महिने लागतात. ते लागू द्या. घाईने चढवलेली चरबी सांध्यांवर बसते. स्नायू मात्र चालण्याने आणि वेळ दिल्यानेच भरतात.

नैसर्गिक जेवण म्हणजे कच्चं मांस का?

नैसर्गिक आहार म्हटलं की हल्ली पहिल्यांदा कच्च्या मांसाची आणि कच्च्या हाडांची गोष्ट निघते. कुत्रा लांडग्याचा वंशज, म्हणून लांडग्यासारखं खाऊ द्या, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्ट पचवणारा विकर बनवणारं जनुक लांडग्यात बहुधा दोनच प्रतींत असतं, कुत्र्यात मात्र त्याच्या अनेक पटींनी जास्त प्रती सापडल्या. माणसाच्या उंबऱ्यावर राहून कुत्र्याचं पोट भाकरी पचवायला शिकलंय. धनगराच्या तळावरचा कुत्रा ज्वारीची भाकरी खाऊन मेंढरं राखतो, ते काही निसर्गाच्या विरुद्ध नाही. फक्त ती शिजलेली हवी आणि तिच्यासोबत पुरेसं मांस हवं.

कच्च्या मांसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आपल्या इथल्या मटणाच्या बाबतीत, त्यातही आतड्या-काळजाच्या बाबतीत, ते देऊ नये. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात आणि फुप्फुसात हायडॅटिड नावाच्या पाणगाठी असू शकतात. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून, केसांवरून घरातल्या माणसांच्या पोटात जाऊ शकतात आणि मग माणसाच्या यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. लहान मुलं कुत्र्याच्या गळ्यात पडतात, म्हणून ही गोष्ट अजिबात हलकी घेऊ नका. चिकनमध्ये साल्मोनेला जंतूंची भीती असतेच, आणि आजारातून उठणाऱ्या कुत्र्याला ती निरोगी कुत्र्यापेक्षा जास्त बाधते.

आमच्या ओळखीचे मटणवाले मामा दर खेपेला आग्रह करतात, "ताई, फुप्फुस-वजडी न्या की भरपूर, तसंच टाका कच्चं. आमच्या मळ्यातली कुत्री हेच खात्यात." मी घेते, पण कुकरला लावते. वजडी, फुप्फुस, दिल हे सगळं चांगलं आणि स्वस्त अन्न आहे. दिलात टॉरिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, आणि मोठ्या जातींच्या हृदयासाठी ते मोलाचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये धान्यविरहित, वाटाणा-मसूर भरलेल्या कोरड्या खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदय फुगण्याच्या आजाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली होती. कारण पक्कं ठरलं नाही, पण पिशवीवर 'ग्रेन-फ्री' लिहिलंय म्हणून दुप्पट पैसे मोजायचं काही कारण मला दिसत नाही.

घरच्या जेवणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींमध्ये एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. जस्त, ई जीवनसत्त्व, तांबं, आयोडीन यांची तूट घरच्या जेवणात हमखास राहते. म्हणून खाली दिलेलं ताट हा पाया समजा, आणि त्यावर डॉक्टरांना विचारून खनिज-जीवनसत्त्वांची पूड घाला. ते जमणार नसेल तर एका वेळी चांगलं तयार खाद्य आणि एका वेळी घरचं शिजवलेलं, हाही प्रामाणिक मार्ग आहे.

रोजचं ताट

पूर्ण वाढलेल्या, नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला वरच्या सूत्रातून येणाऱ्या आकड्याच्या १.४ ते १.६ पट ऊर्जा लागते. चाळीस किलोसाठी ते १,५५० ते १,८०० कॅलरीच्या आसपास येतं. त्यासाठी एका दिवसाचं माप, सगळं कच्चं असताना मोजलेलं:

हाड आणि कातडी नसलेलं चिकन ६०० ग्रॅम
चिकनची कलेजी ५० ग्रॅम
अंडी दोन
तांदूळ किंवा कण्या १५० ग्रॅम, नाहीतर तेवढ्याच पिठाच्या ज्वारीच्या भाकरी
लाल भोपळा, दुधी, गाजर, घेवडा यांपैकी काहीही २०० ग्रॅम
करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल एक मोठा चमचा
दही अर्धी वाटी
अंड्याच्या टरफलाची पूड एक सपाट छोटा चमचा

मांस, कलेजी, भाजी आणि तांदूळ एकत्र कुकरला लावा. पाणी जरा जास्त घाला आणि ते फेकू नका. तेल, दही आणि टरफलाची पूड गार झाल्यावर कालवा. आयोडीनयुक्त मीठ चिमूटभर; त्याने आयोडीनची पूर्ण गरज भागत नाही, ती वर सांगितलेली खनिज-जीवनसत्त्वांची पूडच भागवते. आठवड्यातून दोनदा थोडं चिकन कमी करून तारली घाला. मालवण-रत्नागिरीकडून येणारी ताजी तारली कुकरला चांगली शिजवली की तिचे काटे बोटाने चुरडतात. तिच्यातल्या तेलाने कातडी आणि सांधे दोन्ही सुधारतात. सर्जाच्या अंगावरचा कोंडा गेला तो याच जेवणावर.

कलेजीचा हात आखडता ठेवा. कुत्रा तिच्यासाठी वेडा होतो, पण तिच्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं. मटणाची कलेजी असेल तर याच्याही निम्मी.

वजन वेगळं असेल तर सगळं माप कॅलरीच्या प्रमाणात बदला, आणि पंधरा दिवसांनी काटा आणि बरगड्या बघून पुन्हा ठरवा. तयार खाद्यावरून घरच्या जेवणावर येताना आठ-दहा दिवस घ्या. आधी पाव हिस्सा, मग अर्धा, मग पाऊण. पाणी दिवसाला किलोमागे पन्नास-साठ मिली, म्हणजे चाळीस किलोच्या कुत्र्याला दोन-अडीच लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

मटण-चिकन न शिजवणारी घरंही कुत्री सांभाळतात. घरात अंडी चालत असतील तर अंडी, पनीर, दही आणि थोडी शिजलेली डाळ यांवर ताट उभं करता येतं, पण ते पशुवैद्यांकडून आखून घ्या. नुसत्या वरणभातावर मोठा कुत्रा ठेवू नका. त्याचे स्नायू झडत जातात आणि घरातल्यांना ते फार उशिरा लक्षात येतं.

हाडं आणि कॅल्शियम

शिजवलेलं हाड कधीही नाही. नळीचं असो, बरगडीचं असो वा चिकनच्या तंगडीचं. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार चिपा आतडं फाडतात. रविवारी शेजारपाजारी तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा बेत झाला की उरलेली हाडं कागदात बांधून आपुलकीने आणून दिली जातात. ती हसून घ्या आणि कचऱ्यात टाका. त्या रश्शात कांदा, लसूण, तिखट हे सगळं आहेच.

हाड नाही, तर कॅल्शियम कुठून? मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. नुसतं मांस-भात खाणारा कुत्रा कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून ओढतो. म्हणून टरफलाची पूड. टरफलं धुऊन, उकळून, कडक उन्हात किंवा तव्यावर वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण सहा ग्रॅम, त्यात दोन ग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम. चाळीस किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला तेवढं पुरतं.

मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर नियम उलटतो. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, जेवढं येईल त्यातलं बरंच शोषून घेतं. त्यातून हाडं वाकडी वाढतात, सांध्यांचे कूर्चे सुटतात. पाय वाकलेत म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या जातात आणि पाय आणखी बिघडतात. पिल्लाला 'मोठ्या जातीचं पिल्लू' असं लिहिलेलं तयार खाद्य द्या, वरून कॅल्शियम घालू नका, आणि त्याला बारीकच ठेवा. घरच्या जेवणाचे प्रयोग वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे दीड-दोन वर्षांनंतर.

ताटात येऊ नये असं

कांदा आणि लसूण, शिजलेले असोत वा पूड, तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात. शेजारच्या सांगली-तासगावमुळे आपल्याकडे बेदाणा घरोघरी असतो. शिरा, लाडू, प्रसाद यातून तो कुत्र्याच्या तोंडी जातो, म्हणून मुलांना हे नीट समजावून सांगा. चॉकलेट, साखरविरहित च्युइंगगममधलं झायलिटॉल, चहा, दारू नाही. आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस गिळलं तर आतड्यात अडकतं. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर कधीच नको, कुत्रा कितीही लंगडत असला तरी.

पोट फुगणं: ही मिनिटांची गोष्ट आहे

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये जठरात हवा भरते आणि ते स्वतःभोवती पिळा खातं. रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा वाचत नाही. खूण अशी: कुत्रा पुन्हा पुन्हा ओकायला जातो आणि फेसाशिवाय काही पडत नाही. लाळ गळते, पोट नगाऱ्यासारखं ताणतं, तो बसत नाही, झोपत नाही, सारखं पोटाकडे बघतो. ओवा, सोडा, ताक यातलं काही देत बसू नका. गाडीत घाला आणि निघा.

निघायचं कुठे, हे आजच ठरवून ठेवा. रात्री-बेरात्री ही शस्त्रक्रिया कोण करतं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून नंबर दारामागे लावा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि ठरवून करायच्या मोठ्या उपचारांसाठी ते पर्यायात ठेवावं, पण कोल्हापूरहून ते सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. पिळा पडलेल्या पोटाला तेवढा वेळ नसतो.

टाळण्यासाठी दिवसाचं जेवण दोन-तीन वेळांत विभागा. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी पळापळ नको. उपासमार भोगलेला कुत्रा गपागप गिळतो. त्याच्या थाळीत मधोमध एक मोठा गुळगुळीत दगड ठेवा, तोंडात न मावणारा, म्हणजे त्याला दगडाभोवतीने खावं लागतं. उंच स्टँडवर ताट ठेवलं की पोट फुगत नाही, ही समजूत सोडा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच ताटातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये हा आजार जास्तच आढळला. आणि नसबंदीची शस्त्रक्रिया होणारच असेल, तर त्याच वेळी जठर पोटाच्या भिंतीला टाक्याने बांधून घेता येतं का ते विचारा. ग्रेट डेनसाठी मी ते करून घ्याच असं म्हणेन.

घरात रुळताना

उपाशी राहिलेल्या कुत्र्याची खरी भीती ताटाभोवती असते. तो खाताना गुरगुरला तर त्याला रागावू नका आणि मालकी दाखवायला ताटात हात तर मुळीच घालू नका. त्याला कोपऱ्यात, रहदारीपासून लांब जेवू द्या. जाता जाता लांबूनच चिकनचा एक तुकडा ताटात टाका आणि पुढे चालते व्हा. माणूस जवळ आला की ताट जात नाही, उलट भरतं, हे त्याला कळायला काही आठवडे लागतात. मुलांना तोपर्यंत तिकडे फिरकू देऊ नका. झोपलेल्या कुत्र्याला हात लावून उठवायचं नाही, लांबून हाक मारायची.

गणपतीच्या मिरवणुका आणि दिवाळी यांची तयारी महिनाभर आधी सुरू करा. डॉल्बीच्या दणक्याने पन्नास किलोचा कुत्रा गेट तोडून पळू शकतो. आतली खोली, जाड गोधड्यांचे पडदे, पंखा आणि टीव्हीचा आवाज, संध्याकाळचं फिरणं लवकर. फारच घाबरत असेल तर डॉक्टर त्या दिवसापुरतं औषध देतात. गळ्यातल्या पट्ट्यावर नाव नको, मोबाइल नंबर कोरून घ्या.

ऊन, पाऊस, पूर

एप्रिल-मेमध्ये फिरणं उजाडताना, म्हणजे रंकाळ्यावर माणसांची गर्दी व्हायच्या आत. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून बघा. आपल्याला धरवत नसेल तर त्यालाही धरवणार नाही. जीभ गडद लाल, धाप थांबत नाही, अडखळतोय असं दिसलं तर साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि दवाखान्यात न्या. सेंट बर्नार्ड आणि हस्कीसाठी मात्र दुपारी कूलर हवाच, ती चैन नाही.

पावसाळ्यात पायांची बोटं आणि कान रोज कोरडे करा. गोचिडांचं औषध या काळात एक दिवसही चुकवू नका. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टो त्यातूनच येतो आणि तो माणसालाही होतो.

पंचगंगेच्या काठच्या भागात राहणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. २०१९ आणि २०२१ च्या पुरात लहान कुत्री काखेत घेऊन माणसं बाहेर पडली. साठ किलोचा भेदरलेला कुत्रा काखेत येत नाही आणि तराफ्यात स्थिर उभाही राहत नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. माणसांसाठी तुम्ही कोणताही आकडा धरा, कुत्र्याला ३९ वरच उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवा. सोबत आठवड्याभराचं कोरडं खाद्य द्या, कारण पुरात चिकनची दुकानं बंद असतात आणि कुकरला गॅस मिळेलच असं नाही. त्या खाद्याची त्याच्या पोटाला सवय असावी म्हणून जून महिन्यापासूनच रोजच्या ताटात मूठभर घालत चला. लसींचं कार्ड, चालू गोळ्या, जादा पट्टा, तोंडाची जाळी आणि त्याची थाळी, दगडासकट, एका पिशवीत बांधून दाराजवळ ठेवा.